घड्याळ मागे आहे की मागे पडते? : हौशी भूकंपनोंदीतील कालदोषांचे निदान

१. प्रास्ताविक

कोयनेचा मोठा भूकंप कोणत्या दिवशी झाला, ह्या साध्या प्रश्नाला दोन उत्तरे आढळतात. महाराष्ट्राच्या स्मरणात तो ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा आहे. आंतरराष्ट्रीय सूचींत मात्र त्याच्यापुढे १० डिसेंबर ही तारीख असते. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. भारतीय प्रमाणवेळेनुसार पहाटेचे ४ वाजून २१ मिनिटे झाली होती, तेव्हा ग्रिनिच येथे आदल्या रात्रीचे १० वाजून ५१ मिनिटे झाली होती. किल्लारीच्या भूकंपाचीही गोष्ट अशीच आहे. आपण त्याची तारीख ३० सप्टेंबर १९९३ अशी देतो. जागतिक वेळेप्रमाणे तो २९ सप्टेंबरला, रात्री १० वाजून २५ मिनिटांनी झाला. हा साडेपाच तासांचा फरक सर्वांना ठाऊक असल्यामुळे त्याने कोणतेही अनुमान बिघडत नाही. उलट, ज्याचा पत्ता नाही असा दोन-तीन सेकंदांचा फरक एखाद्या भूकंपाचे स्थान दहा-पंधरा किलोमीटरांनी हलवू शकतो.

भूकंपाची नोंद करणारी यंत्रे पूर्वी वेधशाळांच्या तळघरांतून असत. अलीकडे लहान संगणकाला जोडलेला भूश्रवक आणि अंकीय लेखक ह्यांचे तयार संच मिळू लागले आहेत. ‘रास्पबेरी शेक’ हे त्यांपैकी एक परिचित नाव होय. असे यंत्र एखाद्या शाळेत, महाविद्यालयात किंवा राहत्या घराच्या कोपऱ्यातही बसविता येते. जमिनीचे कंपन टिपण्याच्या बाबतीत ही यंत्रे चांगलीच संवेदनक्षम असतात. त्यांच्या नोंदी शास्त्रीय कामास निरुपयोगी ठरतात त्या बहुधा घड्याळामुळे. प्रस्तुत लेखात ह्या कालदोषांचे प्रकार, ते ओळखण्याच्या रीती आणि त्यांच्या दुरुस्तीची शिस्त ह्यांचा विचार केला आहे. उदाहरणासाठी कोल्हापूरजवळील गडमुडशिंगी येथे एका घरी असे यंत्र बसविले आहे, असे गृहीत धरू.

२. एका सेकंदाचे मोल

गडमुडशिंगी हे गाव कोयनानगरपासून सरळ रेषेत सुमारे १०० किलोमीटरांवर आहे. भूकंपाचा प्राथमिक तरंग कवचातून सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर वेगाने, तर दुय्यम तरंग सुमारे ३.५ किलोमीटर वेगाने जातो असे धरले, तर कोयनेच्या परिसरात झालेल्या भूकंपाचा पहिला हेलकावा गडमुडशिंगीस १६.७ सेकंदांनी आणि दुसरा २८.६ सेकंदांनी पोहोचेल. दोन आगमनांमधील अवधी ११.९ सेकंद होईल. ह्या वेगांच्या हिशेबाने त्या अवधीचा प्रत्येक सेकंद सुमारे ८.४ किलोमीटर अंतर दाखवितो.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. दोन आगमनांमधील अवधी एकाच घड्याळाने मोजलेला असतो. ते घड्याळ तीन सेकंद मागे असले, तर दोन्ही आगमने सारखीच तीन सेकंद अलीकडे सरकतात आणि त्यांच्यातील अवधी कायम राहतो. म्हणून केवळ ‘भूकंप किती दूर झाला’ एवढेच विचारावयाचे असेल, तर चुकीचे घड्याळही काम भागविते. परंतु भूकंप नेमका कोठे आणि किती खोलीवर झाला हे ठरविण्यासाठी अनेक केंद्रांवरील आगमनवेळा एकत्र कराव्या लागतात. तेथे प्रत्येक केंद्राचे घड्याळ इतर सर्व केंद्रांच्या घड्याळांशी जुळले पाहिजे. गडमुडशिंगीचे घड्याळ तीन सेकंद मागे असेल, तर प्राथमिक तरंग खऱ्या वेळेच्या तीन सेकंद आधीच आल्यासारखा दिसेल आणि भूकंप त्या गावाच्या १८ किलोमीटर जवळ ओढला जाईल.

कोयना-वारणा भागात ह्या आकड्याचे महत्त्व विशेष आहे. तेथील भूकंपांचा बहुतांश सुमारे ३० किलोमीटर लांब आणि २० किलोमीटर रुंद एवढ्याच टापूत होतो, आणि त्यांची खोली साधारणतः दहा किलोमीटरांच्या आत असते. शिवसागर जलाशयात १९६२ च्या सुमारास पाणी साठू लागल्यानंतर ह्या भागात धक्के जाणवू लागले. पुढे वारणेचा जलाशय भरल्यावर हालचाल दक्षिणेकडेही पसरली. जलाशय आणि भूकंप ह्यांचा संबंध तपासावयाचा, म्हणजे प्रत्येक धक्क्याचे स्थान जलाशयाच्या संदर्भात काही शेकडा मीटरांपर्यंत निश्चित करावयाचे. ज्या संपूर्ण क्षेत्राची रुंदीच वीस किलोमीटर आहे, तेथे अठरा किलोमीटरांची चूक करणारी नोंद साहाय्य करण्याऐवजी दिशाभूल करील हे उघड आहे.

३. पूर्वीची व्यवस्था

कालगणनेची ही अडचण नवी नाही. १२ जून १८९७ रोजी आसामात झालेल्या महाभूकंपाचा अभ्यास रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम ह्यांनी केला आणि दूरदेशीच्या यंत्रनोंदींच्या आधारे प्राथमिक, दुय्यम आणि पृष्ठभागावरून जाणारे असे तीन प्रकारचे तरंग वेगळे ओळखले. त्या काळी हिंदुस्थानात एकच प्रमाणवेळ नव्हती. मुंबईची वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे, तर कलकत्त्याची सुमारे ५ तास ५३ मिनिटे पुढे होती. रेल्वे मद्रासची वेळ पाळीत असे. भारतीय प्रमाणवेळ १९०६ मध्ये सुरू झाली. तरी मुंबईत स्थानिक वेळ १९५५ पर्यंत व्यवहारात राहिली. गडमुडशिंगीची स्थानिक मध्यमवेळ काढावयाची झाली, तर ती आजच्या प्रमाणवेळेच्या सुमारे ३३ मिनिटे मागे येते. म्हणून जुन्या कागदपत्रांतील भूकंपाची वेळ वाचताना ती कोणत्या गावच्या घड्याळाची आहे, हा प्रश्न आधी विचारावा लागतो.

यांत्रिक भूकंपलेखकात फिरत्या नळकांड्यावर कागद गुंडाळलेला असे आणि लंबकाच्या घड्याळाकडून दर मिनिटाला त्यावर खूण होत असे. कागद मिनिटाला ६० मिलिमीटर सरकत असेल, तर एक मिलिमीटर म्हणजे एक सेकंद. नळकांडे सारख्या गतीने फिरले नाही, तर दोन खुणांमधील अंतर कमीजास्त होई. परंतु ती विषमता डोळ्यांना दिसत असे. वेधशाळेतील निरीक्षक ठरलेल्या वेळी रेडिओवरील कालसंकेत ऐकून घड्याळाची चूक वहीत लिहून ठेवी. त्या पद्धतीत घड्याळ बिनचूक असण्याची अपेक्षाच नव्हती. त्याची चूक दररोज मोजली जावी, एवढीच अपेक्षा होती.

आजच्या अंकीय यंत्रात प्रत्येक नोंदीपुढे सेकंदाच्या सूक्ष्म भागापर्यंत वेळ आपोआप छापली जाते. आकडे दशांशचिन्हापुढे सहा घरे दाखवितात, म्हणून ते सहा घरांपर्यंत खरे आहेत असा समज होतो. हा समज नव्या हौशी निरीक्षकाची पहिली चूक होय.

४. दोषाचे तीन प्रकार

ह्या बाबतीत मराठी बोलण्यातील एक भेद फार उपयोगी पडतो. ‘घड्याळ मागे आहे’ आणि ‘घड्याळ मागे पडते’ ही दोन वाक्ये कोणीही मराठी भाषक एकमेकांऐवजी वापरणार नाही. पहिल्यात ‘असणे’ हे क्रियापद स्थिती सांगते, तर दुसऱ्यात ‘पडणे’ हे क्रियापद चालू असलेली क्रिया सांगते. पाच मिनिटे मागे असलेले घड्याळ उद्याही पाच मिनिटेच मागे असेल. मागे पडणारे घड्याळ उद्या अधिक मागे असेल. तंत्रज्ञांना ज्या दोन राशी काळजीपूर्वक वेगळ्या कराव्या लागतात, त्या व्यवहाराच्या भाषेने आधीच वेगळ्या केल्या आहेत. पहिल्या प्रकाराला स्थिरदोष आणि दुसऱ्याला चालदोष म्हणता येईल. ह्यांशिवाय तिसरा प्रकार आहे तो उडीचा : घड्याळ एका क्षणी एकदम पुढे किंवा मागे सरकते आणि नंतर पूर्ववत चालू लागते.

चालदोषाचे मूळ बहुधा क्वॉर्ट्झ स्फटिकात असते. लहान संगणकातील साधा स्फटिक दर दहा लक्ष सेकंदांमागे वीस सेकंदांनी चुकत असेल, तर दिवसाच्या ८६,४०० सेकंदांत ती चूक १.७३ सेकंदांची होते. म्हणजे बाह्य कालसंकेत बंद पडून एक दिवस लोटला, की स्थाननिश्चितीत दहा किलोमीटरांचा घोटाळा होण्याइतका दोष साचतो. स्फटिकाची गती तापमानानुसारही बदलते. पत्र्याच्या छपराखाली ठेवलेले यंत्र दुपारी एका चालीने आणि पहाटे दुसऱ्या चालीने जाईल.

केवळ चालदोष असेल, तर दुरुस्ती सोपी असते. समजा, सोमवारी सकाळी आठ वाजता घड्याळ ०.४ सेकंद मागे होते आणि गुरुवारी सकाळी आठ वाजता २.८ सेकंद मागे होते. बहात्तर तासांत २.४ सेकंद, म्हणजे दिवसाला ०.८ सेकंद अशी चाल निघते. मंगळवारी रात्री आठ वाजता झालेल्या भूकंपाच्या वेळी घड्याळ १.६ सेकंद मागे असले पाहिजे. मात्र मध्यंतरी उडी झालेली असेल, तर हा हिशेब खोटा ठरतो, कारण दोन टोकांची मापे मधल्या उडीविषयी काहीच सांगत नाहीत. म्हणून चाल मोजण्यापूर्वी उडी झाली नाही ना, हे पाहणे आवश्यक आहे.

५. दोषाच्या आकारावरून कारण

अनुभवी वैद्य ज्याप्रमाणे ज्वराच्या क्रमावरून रोग ओळखतो, त्याप्रमाणे कालदोषाचा आकार पाहून त्याचे कारण पुष्कळदा सांगता येते.

दोष नेमका साडेपाच तासांचा असेल, तर भारतीय प्रमाणवेळ जागतिक वेळ म्हणून नोंदली गेली आहे किंवा उलट झाले आहे. दोष नेमका १८ सेकंदांचा असेल, तर जीपीएस उपग्रहांची स्वतःची वेळ जागतिक वेळ समजली गेली आहे. पृथ्वीच्या परिवलनाशी मेळ राखण्यासाठी जागतिक वेळेत १९७२ पासून २०१६ च्या अखेरीपर्यंत २७ अधिक-सेकंद मिळविले गेले. १९८० मध्ये सुरू झालेली जीपीएस वेळ ते मिळवीत नाही, आणि त्यामुळे १ जानेवारी २०१७ पासून ह्या दोहोंत १८ सेकंदांचे अंतर आहे. दोष बरोबर एका सेकंदाचा असेल, तर उपग्रहग्राहकाकडून दर सेकंदाला येणारा स्पंद शेजारच्या सेकंदाशी जोडला गेला असण्याचा संभव आहे.

यंत्राची तारीखच सुमारे एकोणीस वर्षे सात महिने मागे गेलेली दिसली, तर गोंधळून जाण्याचे कारण नाही. जीपीएसच्या मूळ संदेशात आठवड्याचा क्रमांक १०२३ पर्यंतच मोजता येतो आणि मग पुन्हा शून्यापासून सुरू होतो. असे परिवर्तन ऑगस्ट १९९९ मध्ये आणि एप्रिल २०१९ मध्ये झाले. जुना ग्राहक हे परिवर्तन न ओळखता मागील फेऱ्यातील तारीख देतो.

वीज गेल्यानंतर यंत्र सुरू होताच वेळ काही मिनिटे वा तास मागे दिसत असेल, तर कारण संगणकाच्या रचनेत आहे. ह्या कामासाठी वापरल्या जाणाऱ्या पुष्कळ लहान संगणकांत बॅटरीवर चालणारे स्वतंत्र घड्याळ नसते. बंद होण्यापूर्वी जतन केलेली शेवटची वेळ हीच ‘आताची’ वेळ धरून ते पुन्हा चालू लागतात. इंटरनेट किंवा उपग्रह ह्यांच्याकडून खरी वेळ मिळाली, की घड्याळ उडी घेते. दरम्यानच्या काळात भूकंप झाला असल्यास त्याची नोंद भलत्याच वेळेखाली सापडते. वीज वारंवार खंडित होणाऱ्या गावात यंत्राला बॅटरीचा आधार देणे आणि वेळ जुळल्याची खात्री होईपर्यंत नोंद सुरूच न करणे, हे दोन उपाय पुरेसे होतात.

दोष सेकंदाच्या अपूर्णांकाचा पण प्रत्येक वेळी सारखाच असेल, तर घड्याळाला दोष देऊ नये. कंपनाचे अंकांत रूपांतर करताना यंत्र ते अंकीय गाळणीतून नेते आणि गाळणीला स्वतःचा विलंब असतो. तो सूत्रांत वजा केलेला नसेल, तर प्रत्येक तरंग ठराविक उशिराने आल्यासारखा दिसतो.

शेवटचा प्रकार इंटरनेटवरून येणाऱ्या वेळेचा. एनटीपी ह्या पद्धतीत यंत्र कालसेवकाकडे पृच्छा पाठविते आणि उत्तर येण्यास लागलेल्या एकंदर काळाचा निम्मा भाग हा एका बाजूचा प्रवास असे मानते. जाण्याचा आणि येण्याचा मार्ग सारख्याच वेळाचा असेल, तर हे गृहीतक खरे. जाताना ४० आणि येताना १६० मिलिसेकंद लागत असतील, तर घड्याळ त्यांच्या फरकाच्या निम्म्याने, म्हणजे ६० मिलिसेकंदांनी चुकेल, आणि यंत्राला ह्याची जाणीवही होणार नाही. मोबाइल जोडणीवर चालणाऱ्या केंद्रात हा दोष तासागणिक बदलतो. उपग्रहग्राहक बसविल्यास तो नाहीसा होतो. मात्र ग्राहकाचा आकाशक गच्चीवर, मोकळ्या आकाशाखाली हवा. स्लॅबखाली ठेवलेला आकाशक कधी उपग्रह पाहतो, कधी पाहत नाही, आणि न पाहण्याच्या काळात यंत्र निमूटपणे आपल्या स्फटिकावर चालत राहते. वळवाच्या दिवसांत विजेपासून त्याचे संरक्षण करणेही विसरू नये.

६. भूकंपाकडूनच साक्ष

यंत्र आपल्या घड्याळाविषयी जे सांगते ते पडताळून पाहण्यासाठी बाहेरची साक्ष हवी. सर्वांत साधी कसोटी अशी : दुसरे विश्वसनीय यंत्र शेजारी ठेवून जमिनीवर एक ठोका द्यावा. दोन्ही नोंदींतील ठोक्याची वेळ एकच आली पाहिजे.

दुसरे यंत्र उपलब्ध नसेल, तर भूकंप हाच साक्षीदार होतो. वर घेतलेल्या वेगांनुसार दोन आगमनांमधील अवधीला ०.७१४ ने भागले, की प्राथमिक तरंगाचा प्रवासकाळ मिळतो. समजा, गडमुडशिंगीच्या यंत्रावर कोयनेच्या एका धक्क्याचे पहिले आगमन १४ वाजून २० मिनिटे १३.७ सेकंदांनी आणि दुसरे २५.६ सेकंदांनी दिसले. अवधी ११.९ सेकंद, प्रवासकाळ १६.७ सेकंद; तेव्हा धक्का १४ वाजून १९ मिनिटे ५७ सेकंदांनी झाला असे निघते. अधिकृत सूचीत तोच धक्का बरोबर १४ वाजून २० मिनिटांनी झाल्याचे नमूद असेल, तर घड्याळ तीन सेकंद मागे आहे. अवधी वाचताना ०.२ सेकंदाची चूक झाली, तर उत्तरात सुमारे ०.३ सेकंदाची चूक येते. म्हणून ह्या रीतीने सेकंदाचे दोष पकडता येतात. शतांशाचे पकडता येत नाहीत.

अनेक केंद्रांच्या नोंदी हाती असतील, तर हीच कल्पना जपानी भूकंपशास्त्रज्ञ वादाती ह्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आलेखात मांडता येते. आडव्या अक्षावर प्राथमिक तरंगाची आगमनवेळ आणि उभ्या अक्षावर दोन आगमनांमधील अवधी घेतला, की सर्व केंद्रांचे बिंदू जवळजवळ एका सरळ रेषेत येतात. ज्या केंद्राचे घड्याळ चुकले असेल, त्याचा बिंदू रेषेपासून डावीकडे किंवा उजवीकडे सरकलेला दिसतो, आणि आडव्या दिशेने तो जेवढा सरकला असेल तेवढाच दोष असतो.

दूरच्या मोठ्या भूकंपांचाही असा उपयोग होतो. जेफ्रीज आणि बुलेन ह्यांची १९४० ची कोष्टके किंवा १९९१ चे ‘आयएएसपी ९१’ प्रतिमान ह्यांवरून प्राथमिक तरंग केव्हा यावयास हवा हे काढता येते. निरनिराळ्या दिशांनी आलेल्या अनेक भूकंपांत अपेक्षित आणि प्रत्यक्ष वेळेतील फरक सारखाच राहिला, तर दोष यंत्राकडे आहे. तो दिशेप्रमाणे बदलत असेल, तर कारण भूगर्भाच्या रचनेत शोधावे. हा विवेक न केल्यास घड्याळाचा दोष पृथ्वीच्या माथी मारला जातो.

७. दुरुस्तीची शिस्त

दोष सापडल्यानंतरही एक धोका उरतो, तो चिन्हाचा. वहीत नुसते ‘+२ सेकंद’ असे लिहिलेले असेल, तर घड्याळ दोन सेकंद पुढे होते की त्यात दोन सेकंद मिळवावयाचे आहेत, हे वर्षानंतर लिहिणाऱ्यालाही सांगता येणार नाही. चुकीचे चिन्ह वापरले, तर दोष नाहीसा होण्याऐवजी दुप्पट होतो. म्हणून ‘दुरुस्ती म्हणजे खरी वेळ वजा घड्याळाची वेळ’ ही व्याख्या वहीच्या पहिल्याच पानावर लिहावी आणि प्रत्येक नोंदीपुढे ‘घड्याळ मागे’ किंवा ‘घड्याळ पुढे’ असे शब्दांतही लिहावे. येथे शब्द हे अंकांचे रक्षक होतात.

दुसरा नियम असा, की मूळ नोंदीतील वेळ कधीही बदलू नये. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत स्वीकृत पाठाखाली इतर पोथ्यांतील पाठभेद नोंदलेले आहेत, ते संपादकाचा निर्णय पुढील अभ्यासकाला तपासता यावा म्हणून. भूकंपालेखाच्या बाबतीतही हेच तत्त्व लागू आहे. मूळ नोंद जशीच्या तशी ठेवावी. दुरुस्ती, ती काढण्याची रीत, उपग्रहसंपर्क तुटल्याचे व जुळल्याचे क्षण, वीज गेल्याची वेळ आणि यंत्र हलविल्याची तारीख ह्यांची स्वतंत्र वही असावी. दुरुस्ती पुढे चुकीची ठरली, तर मूळ नोंदीवरून नवी करता येते. मूळच पुसले गेले असेल, तर काहीच करता येत नाही.

कोयना-वारणा भागावर शासकीय आणि संशोधनसंस्थांच्या केंद्रांचे जाळे आहे आणि तेथे खोल विंधनाद्वारे ह्या भूकंपांच्या मुळाशी जाण्याचा प्रयत्न केंद्र सरकारच्या भूविज्ञान मंत्रालयाने हाती घेतला आहे. गडमुडशिंगीतील एका घरातले यंत्र त्या जाळ्याची जागा घेऊ शकणार नाही. परंतु दक्षिणेकडील एका अंतरावरून मिळालेली आणखी एक आगमनवेळ स्थाननिश्चितीस निश्चितच साहाय्य करील, तिच्याबरोबर त्या दिवशीच्या घड्याळाची चूक प्रामाणिकपणे लिहिलेली असेल तर. यंत्र विकत मिळते. ही वही मात्र निरीक्षकाला स्वतःच, दररोज लिहावी लागते.